दोन उजवे बूट

डाव्या पायात महागातला बूट, उजव्या पायात मधल्या भावातला, आणि डोळे मिटलेले. माझ्या दुकानाच्या मधोमध, गिऱ्हाइकांची वाट अडवून, तो असा खांबासारखा उभा राहायचा. "कसा वाटला भाऊ?" असं विचारलं की तळहात वर करून मला गप्प करायचा.

"थांबा जी, पाय बोलून राह्यला."

चंद्रपुरात बाजाराच्या रस्त्याला माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. माणसं येतात, बूट घालतात, आरशात बघतात, बायकोकडं बघतात, भाव पाडतात आणि शेवटी घेतात तो बूट नव्हे, त्याच्यावरचा शिक्का. माझी काही तक्रार नाही बुवा, माझं पोट त्या शिक्क्यावरच चालतं. पण हा गडी आरशाकडं ढुंकूनही बघत नसे. डोळे मिटून उभा राहायचा, मग दुकानभर चालायचा, मग दाराबाहेर जाऊन भर रस्त्यात उड्या मारायचा. शेजारचा कापडवाला मला विचारायचा, "काय हो, तुमच्याकडं भूत उतरवतात का?"

तो वनरक्षक होता. सावली तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात, जिथं बांध संपतात आणि जंगल सुरू होतं तिथल्या एका गावात त्याची नेमणूक होती. दिवसभर जंगलात पायपीट करायची आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवायचा, असा त्याचा दिनक्रम. कोणी सांगितलं होतं का? नाही. सरकारी हुकूम होता का? छे! स्वतः तरुणपणी घुग्घुसच्या खाणीच्या संघातून खेळलेला, ती खाज जाता जात नव्हती, एवढंच.

अंगानं ठेंगणा, आणि पाय तर बाईमाणसासारखा लहान, सहा नंबरचा. पण हाच सहा नंबर त्याच्या कामाला आला. त्याच्या संघातल्या मोठ्या मुलींचा नंबरही तोच. त्यामुळे मुलींसाठी बूट घ्यायचा तर आधी तो स्वतः घालून बघायचा.

मी एकदा म्हटलं, "अहो, ज्या पोरीला घ्यायचा तिलाच आणा ना. तिचा पाय, तिचा बूट. तुम्ही कशाला मधात?"

"पोट्ट्या सांगत नाई जी," तो म्हणाला. "नवा बूट भेटला का टाच सोलली तरी हासतात. घरात पहिल्यांदा नवं कातडं आलं ना. लागते म्हणाव तर परत घेऊन जातीन, असं वाटते त्याह्यले. म्हणून मी घालून पाहतो. माहा पाय बेशरम हाय, तो सांगून देते."

त्याची माझी पहिली ओळख झाली तीच मुळी एका सत्यानाशातून. माझ्याकडून त्यानं एक महागातला जोड नेला होता. कांगारूचं कातडं, हाताला रेशमासारखं लागणारं. आठवड्यानं जोड घेऊन हजर. बुटांची पार रया गेली होती. भिजलेल्या पापडासारखे ते लोंबत होते आणि दुकानभर कसला तरी वास सुटला होता.

"हे काय केलंत?" मी ओरडलोच.

"टोरीचं तेल लावलं जी. मोहाच्या बीचं. आमच्याकडं नव्या वहाणेले लावतात. रातभर चुलीपाशी ठेवलं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, हे कातडं आधीच लोण्यासारखं. त्याला आणि तेल? वर चूल? आता हे परत घ्यायला आला असाल तर स्पष्ट सांगतो, कंपनी घेणार नाही आणि मीही घेणार नाही."

त्यानं शांतपणे बूट पिशवीत घातले. "परत द्याले नाई आलो. बातमी सांगाले आलो. दुसऱ्या कोणाले इकाल तर सांगून देजा, तेल लावाचं नाई म्हणून."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर किती वेळ चिडून राहायचं? मी चहा मागवला. त्या चहापासून तो माझा झाला.

मग दर सुट्टीच्या दिवशी त्याचा तो एक पाय असा, एक पाय तसा, हा कार्यक्रम. दोन्ही बूट एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, रंगही तोच. लांबून बघणाऱ्याला जुळे भाऊ वाटावेत. फरक काय तो घालणाऱ्याला. मला वाटलं होतं, गरिबाघरच्या मुलींना शिकवणारा माणूस आहे, शेवटी म्हणेल की मधल्या भावातलाच बरा, महाग बूट म्हणजे श्रीमंतांचे चोचले. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. खिशाला परवडत नाही ते पायाला चालत नाही असं सांगून मोकळे होतात. हा तसला नव्हता.

"खोटं काऊन बोलाव?" तो म्हणायचा. "महागाचा चांगलाच हाय. कातडं पातळ हाय, चेंडू बोटाले लागला का अंगठ्याले लागला, समजते. अनवाणी खेळल्यावानी. पण धरत नाई हो तो. पायाचे लाड करते. पाय जिकडं गेला तिकडं हाही जाते. हा दुसरा पाहा. जाड हाय, जड हाय, पहिले पंधरा दिवस मास्तरासारखा वागते. पण टाच कशी धरून ठेवते! पाय वाकडा पडू देत नाई."

"मग चांगला कोणता?" मी दुकानदार, मला हो किंवा नाही हवं असतं.

"कोणत्या पायाले, ते सांगा आधी."

मुरमाड मैदानावर महागातल्याची शिवण किती टिकेल, पावसात भिजल्यावर मधल्या भावातला किती आखडेल, दोघांच्या तळव्याखालचे खिळे कुठं बोचतील, सगळं तो एकाच वेळी दोन पायांनी तपासायचा. मला धंद्यात एवढी वर्षं झाली, पण मी विकत असलेली वस्तू नेमकी काय आहे, हे कळून घेण्याची गोडी मला त्याच्यामुळं लागली. नाहीतर मी पेटीवरचा भाव वाचणारा माणूस.

आणि मग तो कागदाचा प्रकार घडला.

नव्या बुटाच्या पुढच्या टोकात कागदाचा बोळा कोंबलेला असतो, आकार राहावा म्हणून. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. त्यानं स्वतःच पेटी उघडून उजवा बूट चढवला, डोळे मिटले, चालून आला, बाहेर जाऊन उड्याही मारल्या. आत येऊन म्हणाला, "बेस बसला जी. बोटाले जागा हाय."

त्यानं बूट काढला आणि मी आत हात घातला. चेपून चेपून घट्ट झालेला कागदाचा बोळा माझ्या हातात आला. मी खो खो हसलो. "अहो, पाय बोलला म्हणता, मग कागदाचं काही बोलला नाही का?"

तो हसला नाही. त्यानं बोळा माझ्या हातातून घेतला, उलटापालटा करून पाहिला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मले साखर हाय. दोनेक वर्षं झाले असतीन. पायानं बोलणं बंद केलं, शेठ."

मी विचारलं, "डॉक्टर?"

"गोळ्या चालू हायत. डॉक्टर म्हणते, रोज पाय पाहत जा, काटा गेला तरी समजणार नाई." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पोट्ट्याह्यले सांगू नोका. माह्या पायावर भरोसा हाय त्यांचा."

मी शब्द दिला. पण मनात म्हटलं, संपलं आता. ज्याच्या पायाला कागद कळत नाही, तो बूट काय निवडणार? इथं मी त्याला कमी ओळखलं होतं.

महिनाभरानं त्याचा निरोप आला, गोलाची जाळी घेऊन या आणि जरा मैदान बघून जा. मूल गावच्या रस्त्यानं मी सावलीकडं गेलो. मैदानावर पोहोचलो तर मुली चाळणीनं माती चाळत होत्या! पिठासारखी बारीक माती. मैदानाच्या कडेला तिची लांबलचक पट्टी पसरलेली, आणि हा महाराज हातात काडी घेऊन उकिडवा बसलेला.

तुम्ही कधी जंगलात गेला असाल तर पाहिलं असेल. वाटेच्या कडेला वनखात्याची माणसं अशी बारीक मातीची पट्टी करून ठेवतात. जनावर त्यावरून गेलं की पंजा उमटतो. मग नर की मादी, भरलेलं की उपाशी, घाईत होतं की निवांत, सगळं मातीतून वाचायचं. या माणसाचं आयुष्य त्यात गेलं होतं. पायानं बोलणं बंद केलं, तर त्यानं मातीला विचारायला सुरुवात केली.

एकेक मुलगी पट्टीवरून पळायची. आधी अनवाणी. मग महागातला बूट घालून. मग मधल्या भावातला घालून. हा वाकून तिन्ही ठसे पाहायचा, काडीनं रेघा मारायचा. "इथी टाच खोल गेली. हे पाहा, करंगळीकडून घसरली. याच्यात आकडून राह्यली पोरगी." मुलींना त्याची भारी गंमत वाटायची. एक म्हणाली, "सर, मी वाघीण का बिबट?" तो म्हणाला, "तू रानडुक्कर. सरळच पळते. जरा वळाले शिक."

त्या मुलींमध्ये जैवंता होती. जंगलाच्या आतल्या पाड्यावरची मुलगी, आईबाप मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करून पोट भरणारे. डाव्या पायानं चेंडू असा मारायची की गोलरक्षक पोरगी बाजूलाच व्हायची. पण अनवाणी. आयुष्यात तिनं पायात काही घातलं नव्हतं. बोटं पंख्यासारखी पसरलेली. बूट घातला की तिची सगळी जादू जायची, स्वतःच्याच पायाकडं बघत पळायची आणि धडपडायची.

आणि नागपूरला राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात जागा, शिक्षण, जेवण, सगळं. नाही झाली तर तिचं लग्न ठरवायचं, हे घरी पक्कं झालेलं. तिथं बूट सक्तीचे. म्हणजे प्रश्न सरळ होता. कोणत्या बुटात ही पोरगी अनवाणी असल्यासारखी खेळेल?

मी म्हटलं, "महागातला घ्या. पातळ आहे, तुम्हीच म्हणता. मी नफा घेत नाही, जा."

त्यानं मला पट्टीपाशी ओढत नेलं. "डावा पाहा. महागाच्या बुटातला अन् अनवाणी, दोन्ही ठसे सारखे. चेंडू मारणारा पाय हाय, त्याले हाच पाहिजे. आता उजवा पाहा."

मला काही दिसेना. माती ती माती.

"आतल्या अंगाले कलते. अनवाणी असली तर बोटानं सावरते. पातळ बुटात बोट सुटत नाई, मग पाय मुरगळते. म्हणून पडते ती." त्यानं जैवंताला हाक मारली. "काऊन वं, उजव्या पायाले काय झालतं?"

जैवंता लाजली. "लहान होतो तवा बैलबंडीचं चाक गेलतं जी. आता काई होत नाई."

"लंगडा वाघ डोळ्याले लंगडत नाई," तो मला म्हणाला, "मातीत लंगडते. याले धरणारा बूट पाहिजे. जाड टाचेचा."

"म्हणजे मधल्या भावातला घ्यायचा ना मग?"

"उजव्याले तो. डाव्याले महागाचा."

झालं! माझा संताप उसळला. "मी काय देवळाबाहेरचा चप्पलचोर आहे का, एक इथला, एक तिथला उचलून द्यायला? उरलेल्या दोन बुटांचं मी काय करू? लोणचं घालू?"

तो मनमुराद हसला. दुसऱ्याच आठवड्यात दुकानात येऊन दोन्ही जोड घेतले, एकातला डावा आणि एकातला उजवा पिशवीत टाकला आणि उरलेले दोन माझ्याच कपाटात ठेवायला लावले. "घरी नेले तर दुसरी एखादी घालीन अन् पाय मोडून घेईन. इथीच राहू द्या. आपलेच हायत."

आता मधल्या भावातल्या बुटाचा स्वभाव मी मघाशी सांगितलाच. नवा असताना तो टाचेला चावतो. पंधरा-वीस दिवस घालून त्याला वठणीवर आणावा लागतो. तेल लावून मऊ केला असता, तर ज्या कडकपणासाठी घेतला तोच जाणार. निवड तोंडावर आलेली. जैवंताची टाच सोलली तर सगळंच बोंबललं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्याला सुचलं होतं. पण ते मला फार नंतर कळलं.

निवडीच्या दिवशी मी दुकान बंद करून नागपूरला गेलो. मी! दिवाळीच्या पाडव्यालाही शटर वर ठेवणारा माणूस. मैदानाच्या कडेला आम्ही दोघं बसलो. जैवंता उतरली. जुळे भाऊ पायात, कोणाला काही कळलं नाही. पहिला चेंडू तिच्या पायातून निसटला. मी "अरे देवा" म्हणालो. दुसऱ्या वेळी ती वळली, सगळा भार उजव्या पायावर टाकून गर्रकन वळली, आणि तो पाय खुंटीसारखा रोवलेला राहिला. मग डाव्यानं तिनं जो फटका हाणला, बाप्पा! चेंडू जाळीत गेल्यावर ती स्वतःच्या पायांकडं बघतच नव्हती. ती याच्याकडं बघत होती.

यानं डोळे मिटले होते.

"अहो, बघा ना! गोल झाला!" मी त्याला गदागदा हलवलं.

"पाह्यला जी," तो डोळे न उघडता म्हणाला. गालावरून पाणी वाहत होतं.

जैवंताची निवड झाली. सोबत आलेल्या मुलींनी नाचून मैदान डोक्यावर घेतलं, मी सगळ्यांना संत्र्याचा रस पाजला. परतताना गाडीत चढताना तो उजवा पाय जरा जपून टाकतोय असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाला, "बसून बसून आखडला." त्या दिवशी आम्ही सगळे जैवंताच्या पायांकडं बघत होतो.

पुढं बरेच दिवस तो आला नाही. कामात असेल म्हटलं. मग खबर आली की त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलंय. मी भेटायला गेलो तर पलंगावर चादर एका बाजूला सपाट होती. उजवा पाय घोट्याच्या वरून काढला होता.

त्याला डुलकी लागली होती. त्याची बायको मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, त्या दिवशी तिचा आवाज चढला.

"त्या पोट्टीचा बूट घालून जंगलात हिंडले भाऊ. रोज. उजवा तेवढा. मी म्हटलं, टाचेले फोड आला, रगत येते, काढा तो. तर म्हणते, 'हा बूट कोणाले तरी चावणारच हाय. तिच्या पायाले लागते, माह्या पायाले लागत नाई. मग कोणी घालाव, तूच सांग.'" तिनं पदर तोंडाला लावला. "त्याह्यच्या पायाले काई वाटत नोतं. मले वाटत होतं ना."

मी तिथंच बाकावर बसलो. काय माणूस! स्वतःचं दुखणंसुद्धा यानं कामाला लावलं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच मी रडलो. आजही तो किस्सा आठवला की आधी राग येतो, मग बाकीचं.

"पाय कशानं गेला, ते जैवंताले सांगू नोका," जागा झाल्यावर त्यानं पहिलं वाक्य हेच म्हटलं. "खेळणार नाई मग ते. पाय घाबरला का खेळ गेला."

पुन्हा मी शब्द दिला. या माणसाला शब्द देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

काही महिन्यांनी, भर दुपारी, कुबडी टेकत तो दुकानात आला. मी उठून खुर्ची दिली, तर म्हणाला, "बसाले नाई आलो. माहा बूट द्या."

"कोणता?"

"डावा. मधल्या भावातला. आपलाच ठेवला हाय ना? आता मले एकच लागते. पाहा बरं, तुम्ही म्हणत होते लोणचं घालू का. कामी आला का नाई?"

मला हसावं की रडावं कळेना. कपाटातून बूट काढला. तेवढ्यात काळजी वाटली आणि म्हणालो, "हा चावतो भाऊ. आता हा एकच पाय आहे तुमचा. डॉक्टरला विचारलंत का?"

"डॉक्टरनं सांगितलं, मऊ पाहिजे." त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्यापुढं धरली. ओळखीचा वास आला. टोरीचं तेल. "त्या वेळी भलत्या बुटाले लावलं होतं. याले पाहिजे होतं हे. पुरा आठवडा पाजतो याले. मग घालतो. अन् रोज बायको पाय पाहते, मले पाहू देत नाई."

तो तेल पाजलेला बूट घालून तो पुन्हा मैदानावर जाऊ लागला. एकदा मी गेलो तर मातीची पट्टी झाडून तयार होती आणि मुली कडेला उभ्या. हा पट्टीवरून चालत पलीकडं गेला आणि वळून म्हणाला, "सांगा पोट्ट्याहो, कोणतं जनावर गेलं?"

मुली वाकून बघू लागल्या. एका बुटाचा ठसा, शेजारी कुबडीचं गोल भोक. पुन्हा बूट, पुन्हा भोक.

एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं, रडता काऊन? नवीन जनावर हाय आपल्या जंगलात. एक पाय, एक खूर. लिहून घ्या, मोजणीच्या वेळी कामी येईन." आणि आधी तो हसला, मग मुली हसल्या.

दोन उन्हाळे तो असा राहिला. मग मूत्रपिंडांनी दगा दिला. तो गेला तेव्हा गावात बुद्धवंदना झाली, आसपासच्या गावांतून माणसं आली. जैवंता तेव्हा संघाबरोबर बाहेरच्या राज्यात होती. तिला पोहोचता आलं नाही.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली. चांगली उंच झालीय, वसतिगृहाचा गणवेश अंगावर. मी म्हटलं, "ये बाई, ये. नवे बूट पाहिजेत ना?"

पिशवीतून तिनं एक जुना उजवा बूट काढून काउंटरवर ठेवला. तोच. तळवा झिजून गुळगुळीत झालेला, पुढं कातडं फाटलेलं. त्याच्या टाचेतलं अस्तर तिनं उचकटलं होतं. खाली, जाड कातड्यात, काळपट तपकिरी डाग मुरलेला होता.

"अस्तर निंघालं म्हणून पाह्यलं," ती म्हणाली. "भाऊ, हे रगत माहं नोय. मले हा बूट एक दिवस नाई चावला."

जंगलातली पोरगी. तिला माग काढायला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि शिकवणाराही कोण होता ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यानं मला शब्दात बांधलं होतं तो आता नव्हता. मी तिला बाकावर बसवलं आणि जे आज तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. कागदाचा बोळा, मातीची पट्टी, बायकोचा व्हरांड्यातला आवाज, सगळं. ती ऐकत राहिली. मधेच तिनं खाली वाकून स्वतःचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला.

जाताना तिनं नवे बूट घेतले नाहीत. कपाटात त्याचा एक बूट अजून पडून होता, महागातला, उजवा, कोरा. त्याच्या टोकात कागदाचा बोळाही तसाच. तिनं स्वतःचा झिजलेला बूट उचलला आणि त्याच्या शेजारी नीट लावून ठेवला.

तेव्हापासून माझ्या काचेच्या कपाटात ते दोन उजवे बूट आहेत. गिऱ्हाइकांना वाटतं, मी फरक दाखवायला मांडलेत. काल एकानं विचारलंच, "शेठ, यातला चांगला कोणता?"

मी म्हटलं, "ते विकायचे नाहीत." आणि त्याला बसायला सांगून दुसरे दोन बूट काढले, डाव्याला महागातला, उजव्याला मधल्या भावातला.